बाईकवरचा कॅमेरा आणि भांडणाच्या आधीचं एक मिनिट

खरं तर मी 'बाईकसाठी कोणता कॅमेरा घ्यावा' असा लेख लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता लक्षात आलं की कॅमेरा कोणता, हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. माझ्याकडे कॅमेरा होता, चालू होता, आणि सगळं रेकॉर्डही झालं होतं. तरी माझ्या मित्राचं मनगट कुणामुळे मोडलं हे सांगायला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात, राजापेठकडून राजकमल चौकाकडे निघालो होतो. अमरावतीकरांना त्या वेळची तिथली गर्दी वेगळी सांगायला नको. मित्र पुढे, मी मागे, दोघांच्या दोन बाईक. एक पांढरी एसयूव्ही मुंगीच्या चालीनं सरकत होती. मित्रानं तिच्या डाव्या बाजूनं, मधातून गाडी काढली. हँडल आरशाला लागलं, आरसा दुमडला. काच खाली आली आणि आतून आवाज आला, "काऊन बे, रस्ता तुह्या बापाचा हाय काय?" मित्रानंही जाता जाता दरवाजावर एक थाप मारली. पन्नास मीटर पुढे गेलो असू. मागून हॉर्न दाबत तीच गाडी आली, मित्राच्या बरोबरीला आली आणि स्टिअरिंग डावीकडे. एका बाजूला एसयूव्ही, दुसऱ्या बाजूला फुटपाथ. पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं आणि तो पडला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. गाडी दोन सेकंद थांबली, मग निघून गेली.

माझ्या छातीवरच्या पट्ट्याला लावलेल्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यात हे सगळं आलं होतं.

मी काय केलं? रात्री कॅमेऱ्याच्या ॲपमधून शेवटचे बावीस सेकंद कापून फोनवर घेतले, त्यावर गाणं टाकलं आणि रील टाकली. आरशाला हँडल लागल्याचं आणि दरवाजावरच्या थापेचं काहीच ठेवलं नाही. ते कशाला दाखवायचं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी कामासाठी बाईकनंच अकोल्याला जाऊन आलो, कॅमेरा चालूच. तिसऱ्या दिवशी मित्राच्या हाताला प्लास्टर लावलेलं, दोघं ठाण्यात गेलो. हवालदारांनी रील पाहिली आणि म्हणाले, "गाणं बंद करा आधी. आन् याच्या आधी काय झालं थे दाखवा. माणूस उगाच कायले दाबन गाडी?"

आधीचं माझ्याकडे नव्हतं. ३२ जीबीचं कार्ड, लूप रेकॉर्डिंग चालू, अकोल्याला जाण्या-येण्याचे मिळून चार तास. जुन्या फाईल पुसल्या गेल्या होत्या.

हळू ट्रॅफिकमध्येच डोकी का फिरतात

हायवेवर कारवाला तुम्हाला पाहतो, मागे टाकतो आणि विसरतो. गर्दीत तसं होत नाही. तो वीस मिनिटं एकाच जागी अडकलेला असतो आणि आपण त्याच्या आरशाला चाटून पुढे जातो. त्याला वाटतं, हा रांग मोडून घुसला. आपल्याला वाटतं, एवढा मोठा डबा घेऊन एकटाच बसलाय आणि वरून जागाही देत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे असतात, म्हणूनच भांडण पेटतं. नव्या गाडीचा हप्ता चालू असेल तर आरशाला लागलेला ओरखडा थेट काळजाला लागतो, हेही लक्षात घ्या.

आता आपल्या बाजूचं गणित बघू. कार ताशी ५ किलोमीटरनं सरकतेय आणि तुम्ही ३५ नं मधातून काढताय. फरक ३० चा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. माणसाला आरशात पाहून, समजून, हात-पाय हलवायला साधारण दीड सेकंद लागतो असं धरा. तेवढ्यात तुम्ही बारा मीटर पुढे आलेले असता. त्यानं आरशात पाहिलं तेव्हा तुम्ही तीन गाड्या मागे होता, स्टिअरिंग वळवेपर्यंत त्याच्या दाराशी पोचलात. म्हणजे 'मुद्दाम दाबलं' असं आपल्याला जे वाटतं, त्यातलं काही वेळा निव्वळ न दिसणं असतं. तुमचा वेग १५ असेल तर तेच अंतर चार मीटर होतं, एका गाडीएवढं.

काही देशांनी या मधातून काढण्याला नियमात बसवलंय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १ जुलै २०१४ पासून ताशी ३० च्या आत असाल तर परवानगी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१७ पासून कायद्यात तशी तरतूद केली. आपल्याकडे अशी वेगळी मुभा नाही. ओव्हरटेक उजवीकडून करायचा, डावीकडून काढायचे अपवाद मोजके. त्यामुळे व्हिडिओ ठाण्यात नेला की त्यात समोरच्याच्या चुकीबरोबर आपलीही दिसणार, हे धरूनच चाला. मी नेमकं तेच लपवायला गेलो होतो.

समोरचा उतरलाच तर

त्या क्षणी कॅमेरा तुम्हाला वाचवत नाही. मला तर वाटतं, 'रेकॉर्डिंग चालू आहे बरं का' असं ओरडल्यानं चिडलेला माणूस आणखी चिडतो. हेल्मेट काढू नका, गाडी बंद करू नका, त्याच्या गाडीची किल्ली काढायला जाऊ नका, बोनेटवर हात आपटू नका. वाट मिळेल तिकडून निघा आणि घराकडे न जाता माणसं असतील तिथं थांबा. पेट्रोल पंप सगळ्यात बरा, तिथं उजेड असतो आणि सीसीटीव्हीही.

पाठलाग होतोय असं वाटलं तर ११२. फोन हातात घेऊन नंबर फिरवायची वेळ येऊ नये म्हणून आजच एक सेटिंग करून ठेवा. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये 'इमर्जन्सी एसओएस' चालू केलं की पॉवर बटण पाच वेळा दाबल्यावर मदतीचा कॉल लागतो, आणि ठरवलेल्या माणसांना तुमचं लोकेशनही पाठवता येतं. आयफोनमध्येही बाजूचं बटण पाच वेळा दाबून कॉल लावायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ही चाचणी गंमत म्हणून करू नका, कॉल खरंच लागतो.

आणि एक साधी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: समोरच्या गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणा. "एमएच सत्तावीस, अमुक अमुक, पांढरी गाडी." कॅमेऱ्यात चित्र धूसर आलं तरी आवाज स्पष्ट येतो. का ते पुढे सांगतो.

नंबर प्लेट का वाचता येत नाही

माझ्या रीलमध्ये शेवटच्या चार आकड्यांतला एक ३ होता की ८, हे आजही मला सांगता येणार नाही. कॅमेरा फुल एचडी होता, मग असं का?

फुल एचडी म्हणजे आडवे १९२० ठिपके. बाईकवरचे कॅमेरे वाइड असतात, समजा १२० अंशांचं दृश्य दाखवतात. पाच मीटर पुढच्या गाडीजवळ हे दृश्य साधारण सतरा मीटर रुंद होतं. १९२० ठिपके सतरा मीटरवर वाटले की मीटरमागे ११० च्या आसपास येतात. कारची लांबट प्लेट ५०० मिलिमीटर रुंद, म्हणजे पूर्ण प्लेटला ५५ ठिपके. त्यात दहा अक्षरं-आकडे. एका आकड्याच्या वाट्याला चार-पाच ठिपके. तेवढ्यात ३ आणि ८ सारखेच दिसणार, आणि बाईक हलत असेल तर बोलायलाच नको.

उपाय दोन. एक म्हणजे ४के, त्यात ठिपके आडवे दुप्पट होतात. दुसरा फुकटचा: सेटिंगमध्ये दृश्य अरुंद करा. ७० अंशांवर आणलं की त्याच पाच मीटरवर त्याच प्लेटला जवळपास १४० ठिपके मिळतात. आजूबाजूचं थोडं कमी दिसेल, पण समोरचा नंबर वाचता येईल. मी आता ४के आणि मध्यम रुंदी ठेवतो. जागा जास्त लागते. आयफोनमध्ये १०८० ला मिनिटाला ६० ते १३० एमबी जातात, ४के ३० फ्रेमला १७० एमबीच्या पुढे. तासाला दहा जीबी धरून कार्ड घ्या.

रात्री वेगळीच गंमत. सरकारी एचएसआरपी प्लेटचा पृष्ठभाग आलेला उजेड परत त्याच दिशेला फेकतो, अंधारात दिसावी म्हणून. तुमच्या हेडलाइटचा उजेड तिच्यावर पडतो आणि सरळ तुमच्या कॅमेऱ्याकडे परत येतो. कॅमेरा अंधार बघून चित्र उजळ करत असतो, त्यामुळे प्लेट पांढराशुभ्र चौकोन होऊन बसते. एक्सपोजर एक-दोन पायऱ्या खाली आणलं तर आकडे उमटतात, बाकी चित्र काळपट आलं तरी चालेल. तरीही भरवसा नाही. म्हणून म्हटलं, नंबर तोंडानं म्हणा.

फोनच हँडलला लावला तर?

कॅमेऱ्याला पैसे नाहीत म्हणून बरेच जण फोन हँडलच्या होल्डरला लावून रेकॉर्डिंग चालू करतात. मीही केलं आहे. अडचणी तीन.

ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलचे हादरे आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकतात. चित्र हलू नये म्हणून आतली लेन्स स्वतः सरकून सावरते, ती नाजूक व्यवस्था सततच्या कंपनांनी बिघडते. ही व्यवस्था असलेल्या इतर फोनांनाही तोच धोका. लावायचाच तर कंपन शोषणारा रबरी जोड असलेला होल्डर घ्या, आणि रोज तासन्‌तास नको.

दुसरी अडचण आपल्या वऱ्हाडाची. आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा, असं ॲपल सांगते. राजेहो, ३५ अंश म्हणजे अकोल्यात मार्च महिना! मे २०२४ मध्ये तिथं पारा ४५ च्या वर गेला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा उन्हात काळ्या होल्डरमध्ये नकाशा, डेटा आणि रेकॉर्डिंग एकदम चालू असलेला फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते आणि मग रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. तुम्हाला कळतही नाही. नेमकं हवं तेव्हाचं काही नसतं.

तिसरी, कायद्याची. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. चालत्या गाडीवर बोटानं रेकॉर्डिंग चालू-बंद करणं यात बसत नाही. निघण्याआधी चालू करा, पोचल्यावर बंद.

हेल्मेटला कॅमेरा चिकटवण्याच्या मी विरोधात आहे. डोकं आपटलं तर हेल्मेटनं घसरून जायला हवं, त्यावर टणक तुकडा असला की तो अडकतो. छातीचा पट्टा बरा.

आधीचं एक मिनिट

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होते. पण ती कशी झाली यावर सगळं ठरतं. बेफिकिरीनं गाडी चालवून झाली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५, गंभीर दुखापतीसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं. जाणूनबुजून केली असेल तर कलम ११७, आणि मर्यादा सात वर्षं. माझ्या बावीस सेकंदांत फक्त एक कार डावीकडे येते आणि एक बाईक पडते. ते पाहून कुणीही म्हणेल, लक्ष नव्हतं बिचाऱ्याचं. त्यानं मुद्दाम केलं हे सांगणारा पुरावा होता त्याची शिवी, त्यानंतरचा हॉर्न आणि पन्नास मीटरचा पाठलाग. मित्राची थाप लपवायच्या नादात मी त्याचा हेतूच कापून टाकला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बेंगळुरूत काय झालं ते बघा. जे. पी. नगर भागात रात्री एका स्कूटरचा कारच्या आरशाला धक्का लागला. स्कूटरवर दोघं होते, चालवणारा चोवीस वर्षांचा डिलिव्हरीचं काम करणारा मुलगा. पुढे त्याच कारनं स्कूटरला मागून उडवलं, तो मुलगा गेला, मागे बसलेला जखमी झाला. सुरुवातीला नोंद झाली ती अपघाताची. मग पोलिसांनी वाटेतले सीसीटीव्ही तपासले, आणि कार वळून मागे लागल्याचं दिसलं. प्रकरण खुनाचं झालं, कारमधल्या पती-पत्नीला अटक झाली. धडकेच्या जागेवरचा एकटा कॅमेरा असता तर तो अपघातच राहिला असता.

म्हणून सांगतो, भांडणाच्या आधीची किमान पाच मिनिटं आणि नंतरची पाच, न कापता ठेवा. तुमची शिवी असेल तर शिवीसकट.

फाईल कशी जपायची

पहिलं काम, घटना झाली की त्याच जागी कॅमेरा बंद करा आणि कार्ड काढून खिशात टाका. लूप रेकॉर्डिंगमध्ये कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फाईल पुसली जाते. 'धक्का बसला की फाईल आपोआप लॉक होते' असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण तो सेन्सर जोराच्या झटक्यावर चालतो. ताशी दहाच्या वेगात कुणी हळूच दाबलं, शिव्या दिल्या, तर झटकाच नसतो. माझ्या बाबतीत तर पडला होता मित्र, माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्याला धक्का कुठून बसणार?

दुसरं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथं तो दाबला जातो, ठिपके कमी होतात, मूळ फाईलमधली वेळ-तारखेची माहितीही जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, मग फाईल जशीच्या तशी जाते. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ एकदा तपासा. बॅटरी पूर्ण उतरली की बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं, मग पुराव्यावर भलतंच साल दिसतं.

तिसरं जरा तांत्रिक आहे, पण समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्याच्या प्रतीबरोबर एक प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे: भाग 'अ' पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं. त्यात फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा समजा. एसएचए-२५६ नावाची पद्धत तुमच्या दहा जीबीच्या व्हिडिओतून ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ काढते. व्हिडिओतला एक सेकंद कापा किंवा त्यावर गाणं टाका, की ती ओळ पूर्ण बदलते. म्हणून रीलचा ठसा मूळ फाईलशी कधीच जुळत नाही.

हे प्रमाणपत्राचं प्रकरण आपल्या शेजारच्या जालन्यानं देशभर गाजवलंय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यावर कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. वाद आला निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर, कारण त्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र नव्हतं. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, पण ज्यात रेकॉर्डिंग झालं ते मूळ उपकरणच मालकानं न्यायालयात हजर केलं तर त्याची गरज नाही. तिथं सगळे प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही, म्हणून त्या प्रकरणापुरती सूट मिळाली. तो निकाल जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब वरचा, नवं कलम ६३ त्याच्याच जागी आलंय. आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा: कार्ड फॉरमॅट करू नका आणि कॅमेरा विकू नका.

आजूबाजूच्या दुकानांचे सीसीटीव्हीही विसरू नका. तिथंही जुनं पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्याभरातच. दुसऱ्याच दिवशी जाऊन "दादा, कालचं सात ते आठ तेवढं जपून ठेवा, पोलीस मागतील" असं नीट सांगितलं तर बहुतेक दुकानदार ऐकतात. आम्ही आठव्या दिवशी गेलो.

रील की ठाणं?

रीलनं काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. २० जुलै २०२४ ला पुण्यात पाषाण-बाणेर लिंक रोडवर स्कूटरवरून दोन मुलांना घेऊन जाणाऱ्या एका बाईंना कारवाल्यानं अडवलं, केस ओढले, नाकावर ठोसे मारले. कारण काय, तर म्हणे वाट दिली नाही. रक्ताळलेल्या चेहऱ्यानं त्यांनी व्हिडिओ टाकला, तो पसरला, आणि चालकाला अटक झाली. पण त्या बाई व्हिडिओ टाकून थांबल्या नव्हत्या, त्यांनी पोलिसांत तक्रारही दिली होती. व्हिडिओनं वेग आणला, पण कामाला आली ती तक्रार.

माझ्या रीलचं काय झालं? कॉमेंटमध्ये कुणीतरी ३ धरून नंबर टाकला. दुसऱ्यानं एमपरिवहन ॲपवर तो तपासला. तिथं मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण गाडीचं मॉडेल दिसतं. तेही जुळलं. तिसऱ्यानं कुठूनतरी तशाच एका गाडीचा फोटो टाकला, मालकासकट. तो माणूस मी त्या रात्री पाहिलेला नव्हता, हे मला खात्रीनं माहीत होतं. लोक त्याला शिव्या देत होते. पहाटे दोनला रील काढली, तोवर ती किती जणांनी उतरवून घेतली होती देव जाणे. आधी तक्रार करा. टाकायचंच असेल तर मग टाका, आणि नंबर झाकून.

कोणत्या ठाण्यात?

शहरात प्रश्न सोपा आहे. घोळ होतो हायवेवर. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला, तो रस्ता आज झकास आहे. पण बडनेऱ्यात शिरताना किंवा अकोल्यात अशोक वाटिका चौकाकडे येताना पुन्हा तीच गर्दी आणि तीच चिडचिड. समजा बडनेऱ्यापासून कुणी तुमच्या मागे लागला आणि मूर्तिजापूरजवळ अडवलं. बडनेरा अमरावती शहर पोलीस आयुक्तालयात, मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे ऐकायची तयारी ठेवा, आणि उत्तरही तयार ठेवा: झिरो एफआयआर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणतीही असो. नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन पद्धतीनंही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदवायला नकार मिळाला तर तीच माहिती लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

दुखापत असेल तर आधी दवाखाना, आणि डॉक्टरांना कसं झालं ते खरं सांगा. आमच्या गड्यानं कटकट नको म्हणून 'गाडी घसरली' असं सांगितलं. कागदावर तेच आहे. हवालदारांनी तो कागदही पाहिला होता.

त्याचं प्लास्टर दीड महिन्यानं निघालं. आता मूठ वळते, पण क्लच दाबून धरावा लागतो अशा गर्दीत मनगट दुखतं, म्हणून राजकमलकडून न येता तो लांबून वळसा घालून येतो. मी जुनं कार्ड अजून ठेवलंय. एका ओळखीच्या दुकानदारानं पुसलेल्या फाईल परत काढायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं होतं. निघालं ते सगळं बोरगाव मंजूच्या पुढचा रस्ता, ४० मिनिटं, एकही गाडी आडवी नाही.